नाव नसलेला काठ

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. लाल फितीत बांधून कपाटात ठेवतात ती नव्हे हं. तिच्यावर निदान धूळ तरी बसते. मी एका लॅपटॉपच्या पोटातली फाइल. मला हात लावता येत नाही, मला रंग नाही, वास नाही, आणि मी आहे हेसुद्धा बहुतेकांना ठाऊक नसतं, कारण मला बनवतानाच लपवून ठेवतात. पण जे काम वाट्याला आलं ते मी मनापासून केलं, एवढं आधीच सांगून टाकते. पुढचं ऐका आणि मग काय ते बोला.

माझं काम काय होतं, ते सोपं करून सांगते. कॉम्प्युटरची आठवण दोन ठिकाणी असते. एक हार्ड डिस्कवर. तिथं ठेवलेलं वीज गेली तरी राहतं. दुसरी चालू कामाची. तुम्ही काही लिहीत असाल, चित्र काढत असाल, तर ते आधी या दुसऱ्या आठवणीत असतं, आणि ती मोठी नाजूक. वीज तुटली की पाटीवरून ओला हात फिरवावा तसं सगळं साफ. म्हणून आमच्या वेळच्या लॅपटॉपमध्ये एक सोय असे. झाकण मिटलं की मशीन चालू कामाचं सगळं गाठोडं डिस्कवर माझ्या स्वाधीन करायचं आणि मग निर्धास्त बंद व्हायचं. झाकण उघडलं की मी ते गाठोडं जसंच्या तसं परत द्यायची. अर्धी ओढलेली रेघ अर्धीच, बाण थांबला होता तिथंच. तर ती मी, झोपेची फाइल.

या कामाला जागा भरपूर लागायची. मशीन जागं असताना मी आपली नुसती पसरून पडलेली. घरात पाहुण्यांसाठी गाद्यांची चवड रचून ठेवतात ना, तसं माझं होतं. पाहुणे आले की त्यांची आठवण होते, एरवी सगळ्यांना अडचण.

माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका साहेबांकडं. ते मोठे घाईचे. फोन आला की झाकण आपटायचे आणि उठायचे. एकदा साताऱ्याला सभेत वाचायचं भाषण त्यांनी गाडीत बसून लिहिलं, आणि घाट चढताना बॅटरी संपत आली म्हणून झाकण मिटलं. साताऱ्यात पोचल्यावर उघडलं, तर भाषण हजर. साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "बघितलंस? हे मशीन काही विसरत नाही." कौतुक मशीनचं झालं. मी आत लपलेली, मला कोण विचारतो! पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

मग साहेबांना नवा लॅपटॉप आला आणि आम्ही जुने ठरलो. त्यांची सासुरवाडी सांगलीजवळच्या माधवनगरची. तिथं त्यांचे मेहुणे नानासो यांचा मागाचा कारखाना होता. दिवाळीला जाताना साहेबांनी आम्हाला मिठाईच्या पुड्यांबरोबर गाडीत टाकलं आणि नानासोंच्या हातात ठेवलं. नानासोंनी झाकण उघडून बघितलं, मिटलं आणि म्हणाले, "दाजी, माझी बोटं सूत वळायची. मला ह्याचा काय उपेग? आमच्या बादशाभाईला देतो. त्याची पोरगी कॉम्प्युटर शिकलीया."

अशी मी बादशहा मोमीन यांच्या घरी आले. मित्रांनो, माझं खरं आयुष्य इथून सुरू झालं.

बादशाभाई लुगड्यांचे काठ काढायचे. काढायचे म्हणजे आधी कागदावर. बारीक चौकटींचा कागद असतो. एक चौकट म्हणजे एक धागा. भरलेली चौकट म्हणजे धागा वर, कोरी म्हणजे खाली. तो कागद बघून मागाला खुंट्या ठोकतात आणि माग तसतसे धागे उचलून नक्षी विणतो. बादशाभाईंनी उभा जन्म या चौकटी भरल्या. माधवनगरच्या मागांवरून निघालेली त्यांची लुगडी तासगावच्या बाजारात जायची, कऱ्हाडला जायची, पार घाटाखाली जायची. पण चौकटी भरता भरता डोळे कामी आले. मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपा, म्हणाले. कागदावरच्या चौकटी एकमेकींत मिसळायला लागल्या आणि बादशाभाईंनी पेन्सिल ठेवून दिली.

त्यांची मुलगी शाझिया सांगलीतल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकून तिथंच शिकवायला लागली होती. तिनं लॅपटॉप उघडला, चित्रं काढायची पाटी उघडली, तिच्यावर चौकटी पाडल्या आणि एक कळ दाबली.

"अब्बा, बघा. इथं दाबलं की चौकट मोठी होते."

"आरं तिच्या!" बादशाभाई पुढं सरकले. "ही तर बत्ताशाएवढी झाली की! आनी मोठी व्हती?"

"हवी तेवढी."

त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, काढलं, पुन्हा टेकवलं. मग त्यांनी शाझियाचं डोकं आपल्या छातीशी धरलं. त्या घरात दखनी आणि मराठी एकात एक कालवून बोलायची रीत होती, पण त्या दिवशी कुठलीच भाषा लागली नाही.

जाताजाता शाझियानं बजावलं, "काम झालं की सेव्ह करायचं, अब्बा. हे दाबलं की पेटी येते. तिच्यात नाव टाकायचं आणि मग हे दाबायचं. रोज करायचं. विसरायचं न्हाई."

"व्हय व्हय," बादशाभाई म्हणाले.

दुपारी बादशाभाईंची बायको मेहरुनबी नानासोंच्या कारखान्यात कांड्या भरायला जायची. कांडी म्हणजे मागावर आडवा धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची लहान नळी. शाझिया क्लासला गेलेली असायची. घरात बादशाभाई एकटे. त्या पहिल्याच दुपारी त्यांनी चौकटी भरायला घेतल्या. थोडं काम झाल्यावर शिकवल्याप्रमाणं कळ दाबली. पेटी आली आणि नाव मागायला लागली. बादशाभाई तिच्याकडं बघत बसले.

"नाव?" ते स्वतःशीच म्हणाले. "आजून कशात काय न्हाई, आन् नाव कसलं? आन् नाव ठिवनारा मी कोन?"

त्यांनी पेटी घालवली, काम पडद्याच्या खालच्या कडेला बारीक करून ठेवलं, मेहरुनबीच्या नजरेला पडू नये म्हणून, आणि झाकण मिटलं. मशीननं गाठोडं माझ्या पदरात टाकलं. दुसऱ्या दुपारी झाकण उघडलं, मी काम परत दिलं. बादशाभाई खूश! त्यांना वाटलं, असंच असतं. झाकण मिटायचं, झाकण उघडायचं. पुढं नावाची पेटी त्यांनी पुन्हा कधी उघडलीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा काय तो हट्ट? एखादं अक्षर टाकून मोकळं व्हायचं! मशीनला तर नुसता 'अ' चालला असता. पण त्या घराची एक रीत होती. काठ पुरुषानं काढायचा, नाव घरातल्या बाईनं ठेवायचं, आणि तेही कापड मागावरून उतरल्यावर. पहिलं लुगडं घरी यायचं. बाई ते दारातल्या उजेडात धरायची, आणि तोंडाला येईल ते नाव. त्याआधी त्या काठाला 'हे' म्हणायचं, 'ते' म्हणायचं, पण नाव घ्यायचं नाही. पोटातल्या पोराला कुणी हाक मारतं का?

बादशाभाईंच्या आईनंतर हा मान मेहरुनबीकडं आला होता, आणि बाई होती मोठी नमुनेदार. शेंगांच्या काठाला तिनं 'वाटाणा' म्हटलं, ते ठीकच. पण एका काठाची नक्षी दर वितीला तोंड फिरवायची, तर ही म्हणाली, "ही रुसकी नणंद हाय." झालं! तासगावच्या बाजारात बायका दुकानदाराला विचारायला लागल्या, "रुसकी नणंद आलीया का वो नवी?" खरी नणंद वर्षभर या घराची पायरी चढली नाही. बादशाभाई हे सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे.

पण सगळ्या गावाला नवे काठ देणाऱ्या या माणसाच्या बायकोच्या अंगावर कायम कारखान्यातलं डागी लुगडं. कुठं धागा सुटलेला, कुठं काठ सरकलेला. लग्नानंतरच्या पहिल्या ईदेला ती हसत हसत बोलून गेली होती, "तुमी काडलेला काठ रोज कुना ना कुनाच्या अंगावर दिसतोय. माजा म्हनून एक बी न्हाई." बादशाभाईंनी तेव्हा कबूल केलं होतं, "तुज्यासाठी एक काडीन. दुसऱ्या कुनाच्या अंगावर दिसायचा न्हाई." मग पोटापाण्याच्या धबडग्यात ते राहून गेलं. मेहरुनबीनं पुन्हा विषय काढला नाही. पण न काढलेला विषयच जास्त बोचतो, हे संसारी माणसाला सांगायला नको.

आणि आता वेळ संपत आली होती. कापडाला उठाव राहिला नव्हता. नानासोंनी माग मोडीत काढायचं ठरवलं. खंडेनवमीला मागांची शेवटची पूजा करायची आणि दसरा झाला की भंगारवाल्याला बोलवायचं. ते स्वतः बादशाभाईंकडं येऊन शेवटच्या तान्याचं, म्हणजे मागावर चढवायच्या उभ्या सुताचं, सांगून गेले.

"जांभळा ताना चढवून ठिवलाय, बादशाभाई. शेवटचा. त्यो तुमच्या काठाचा. कागद तेवडा येळंवर द्या. खंडेनवमी झाल्यावर मला कुनी थांबू देनार न्हाई."

"देतो, नानासो. ह्यो एक देतोच."

मित्रांनो, तो काठ रोज माझ्या कुशीत निजायचा, म्हणून मला ठाऊक आहे तो कसा होता. फुलं नाहीत, मोर नाही, कुयरी नाही. एक बाईचा हात होता, कांडी धरलेला. त्या कांडीतून सूत निघायचं आणि पुढच्या हाताकडं जायचं. असा हातामागून हात काठभर चालणार होता. मेहरुनबीचाच हात तो. अंगठा जरा बाहेर वळलेला, जन्मभर कांड्या भरून वळतो तसा. रोज थोड्या थोड्या चौकटी भरत होत्या. पडदा नाकाला लावून, एक डोळा मिटून ते काढायचे. पाणी यायला लागलं की झाकण मिटायचे आणि म्हणायचे, "संबाळ गं." कुणाला म्हणायचे देव जाणे, पण मी ते मलाच म्हटलं असं धरून चालायची.

खंडेनवमी तोंडावर आली. शाझियाला एवढंच ठाऊक होतं की अब्बा काहीतरी नवं काढतायत, मशीनवर ठेवतायत, आणि ते मागाच्या माणसासाठी कागदावर उतरवून द्यायचंय. तिनं क्लासमधला छपाईचा प्रिंटर मागून आणला. लांब कागद छापायचा तर त्याचा एक नवा प्रोग्राम मशीनमध्ये भरायला हवा होता. बादशाभाई डोळे दाखवायला मिरजेला गेले होते. ती दुपार साधून शाझिया बसली.

मशीननं सांगितलं, जागा नाही.

तिनं साहेबांची जुनी पत्रं काढली. पत्त्यांचा खेळ काढला. तरी जागा पुरेना. खालच्या कडेला अब्बांचं काहीतरी बारीक करून ठेवलेलं तिला दिसलं. उघडून बघावं असं तिच्या मनात आलंसुद्धा. पण अब्बा ते अम्मीपासून लपवतायत हे तिला कळत होतं, आणि मोठ्यांचं झाकलेलं उघडायचं नाही हे वळण तिला घरातच लागलेलं. "राहू दे बाई," म्हणाली. काय सांगू तुम्हाला! त्या पोरीनं तेव्हा थोडा आगाऊपणा केला असता, तर बरं झालं असतं.

मग तिनं लपवलेल्या फाइली दाखव म्हणून मशीनला सांगितलं. तशी मी दिसले. एवढी थोरली, आडदांड, नाव इंग्रजी अक्षरांचं आणि काहीच्या काही.

"ही कोन अन् मधीच?"

तिनं मला उघडून बघितलं. आत काय, नुसती चिन्हांची खिचडी. माणसाच्या डोळ्यांना माझ्यातलं वाचता येत नाही. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठं आहे? तिला वाटलं, साहेबांच्या वेळचा कचरा असणार. तिनं मला पुसलं.

पुसणं म्हणजे काय होतं, हे थोड्यांना ठाऊक असतं. मशीन आम्हाला लगेच मारत नाही. नावाचं पहिलं अक्षर खोडतं आणि आमच्या दारावर 'जागा रिकामी आहे' अशी पाटी लावतं. आम्ही आतच असतो. कुणी नवा येऊन सामान मांडेपर्यंत असतो. माझ्या अंगावर आदल्या दिवशीचा काठ होता, एक कोपरा सोडला तर पुरा झालेला. पाठोपाठ छपाईचा प्रोग्राम आला आणि माझ्या अर्ध्या अंगावर पसरला. शाझियानं टाळी वाजवली. बापाचं काम मार्गी लागलं म्हणून तिला केवढा आनंद झाला होता!

तरीसुद्धा तोवर काही बिघडलं नव्हतं बरं का. मशीन जागंच होतं, काठ चालू आठवणीत शाबूत होता. बादशाभाई मिरजेहून आले. शाझिया प्रिंटरची दोरी मागायला शेजारच्या आळीत गेली होती. त्यांनी काम वर घेतलं आणि राहिलेला कोपरा भरला. शेवटची चौकट भरून ते मागं टेकले.

"झालं," म्हणाले. "आता बघू दे तिला काय म्हनायचं ते."

त्यांनी झाकण मिटलं. मशीननं मला शोधलं. मी होते, पण माझ्या दारावर माझं नाव नव्हतं. गाठोडं ठेवायला जागा मिळेना म्हणून त्यानं बारीक आवाजात दोनदा कण्हून दाखवलं. बादशाभाईंनी झाकणावर हात थोपटला. "नीज गड्या," म्हणाले. मशीन मग बसल्या जागी नुसतं डुलकी घेत राहिलं, सगळं काम डोक्यात घेऊन, जुन्या बॅटरीच्या आधारावर. संध्याकाळी नेहमीप्रमाणं वीज गेली. बॅटरी ती किती दम धरणार? कधी संपली ते घरात कुणाला कळलंही नाही.

सकाळी बापलेक मशीनपुढं बसले. झाकण उघडलं. मशीन आजच जन्मल्यासारखं पहिल्यापासून सुरू झालं. खालची कड मोकळी.

"माजं काम कुटाय?" बादशाभाई म्हणाले.

"तुमी ठिवलंय कुटं अब्बा? नाव काय दिलंय?"

"नाव न्हाई दिलं."

"न्हाई? मग रोज परत कसं मिळायचं तुमाला?"

"झाकन मिटायचो. उगडलं की आसायचंच."

शाझियाच्या हातातली प्रिंटरची दोरी गळून पडली. ती शिकवणारी मुलगी होती. तिला क्षणात सगळं कळलं, मी कोण होते, माझ्यात काय होतं, आणि काल दुपारी तिनं काय केलं. "अब्बा, मी काल एक फाइल काडली," एवढंच तिला बोलता आलं. मग ती हुंदके देऊन रडायला लागली.

बादशाभाई चिडले असते तर तिला सोसलं असतं. ते म्हणाले, "तू घर झाडलंस बाळा. जिन्नस मीच उगड्यावर ठिवला हुता."

रडण्याचा आवाज ऐकून मेहरुनबी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आली. "काय झालं? कुनी गेलं का काय? आवं बोला की!" मग मात्र सांगावंच लागलं. बादशाभाईंनी पहिल्या ईदेपासून सगळं सांगितलं. ती दाराला टेकून ऐकत राहिली.

"माज्यासाठी?" ती म्हणाली. "आन् मलाच ठावं न्हाई? आवं, एका शब्दानं इचारलं आसतं, तर ढीगभर नावं दिली आसती मी!"

"बगितल्याबिगर?"

मेहरुनबीनं पदराच्या टोकानं डोळे पुसले. गालाला पीठ लागलं ते तसंच.

"न्हाई," ती म्हणाली. "बगितल्याबिगर न्हाई."

बादशाभाईंनी पुन्हा काढून बघितलं. पण उरलीसुरली नजर त्या काठातच खर्ची पडली होती. मोठी केलेली चौकटसुद्धा त्यांना आता धुक्यात गेल्यासारखी दिसायची. अंगठा काढायला गेले की करंगळी व्हायची. शाझिया म्हणाली, "तुमी सांगा अब्बा, मी भरते." ते सांगायला बसले, दोन वर, एक सोड, तीन वर, आणि मधेच अडखळले. "हाताला ठावं हुतं गं," म्हणाले, "तोंडाला न्हाई." तरी ती पोर रोज मशीन उघडून बसायची आणि ते रोज सांगून बघायचे. हात काही उमटला नाही.

नानासो कागद न्यायला आले तेव्हा बादशाभाई ओसरीवर बसले होते.

"काठ कोराच विनून टाका, नानासो."

"काठाबिगर लुगडं? तुमचं? आवं, मानसं हसतील."

"हसू द्या. ताना तिच्यासाठी चढवलाय, त्यो मोडू नगा."

खंडेनवमीला मागांना झेंडूच्या माळा घातल्या. हिंदू, मुसलमान सगळे कामगार आले, नारळ फुटले, आणि सगळ्यांसमोर शेवटचं लुगडं मागावरून उतरलं. गर्द जांभळं, काठाच्या जागी नुसता रिकामा पट्टा. रीतीप्रमाणं ते आधी मेहरुनबीच्या हातात दिलं. तिनं दारातल्या उजेडात धरलं. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. ही बाई कधी नावाला अडली नव्हती. तिनं तो कोरा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटानं चाचपला, लुगड्याची घडी घातली आणि एक शब्द न बोलता घरी गेली. दसऱ्यानंतर टेम्पो आला आणि माग गेले.

पुढच्या हिवाळ्यात शाझियाचं लग्न झालं, तासगावला. मेहरुनबी तेच लुगडं नेसली. मांडवातल्या बायका कशाला सोडतायत?

"काय गं मेहरून, एवड्या काठवाल्याची बायकू तू, आन् काठ कोरा?"

"कोरा कशानं?" मेहरुनबी म्हणाली. "काठ हाय की. ह्यांनीच काडलाय. तुमास्नी दिसत न्हाई, त्येला मी काय करू?"

"आसं व्हय? मग नाव काय ठिवलंस?"

"नाव न्हाई ठिवलं आजून. बगितल्यावर ठिवीन."

बायका हसल्या. नवरीच्या वेषातल्या शाझियानं ते ऐकलं आणि मान खाली घालून डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटतं म्हणून रडते.

शाझियानं सासरी जाताना मशीन बरोबर नेलं. पुसलेली फाइल आत तशीच असते, नवं काही तिच्यावर पडलं नाही तर राहते, हे तिला पुढं कुठंसं वाचायला मिळालं. तेव्हापासून ती मशीन चालूच करत नाही. वापरत नाही, विकत नाही, कुणाला हात लावू देत नाही. पुण्यातल्या एका जाणकाराला तिनं फोन केला होता. तो म्हणाला, "परत मिळू शकतं कधीकधी. कामाचं नाव काय होतं?" तिला काही सांगता येईना. तिनं फोन ठेवून दिला. बादशाभाई आता भिंतीला हात लावून चालतात. लेकीकडं आले की विचारतात, "ते हाय न्हवं अजून?" ती म्हणते, "हाय अब्बा."

मित्रांनो, मला काढून टाकण्याला माझी ना नाही. जागा कमी पडली तर खुशाल काढा. मशीनला झोपवायचं नसेल तर मी कशाला हवी? पण काढण्याआधी जे उघडं आहे ते उघडून बघा. ज्याचं आहे त्याला विचारा, हे नीट ठेवलंय का? त्यानं नाव दिलं नसेल तर रागावू नका, आपल्या हातानं एखादं अक्षर टाका आणि ठेवून द्या. खरं नाव मागनं ठेवता येतं. गेलेलं काम मागनं आणता येत नाही.

मी अजून आहे, शाझियाच्या कपाटावर, मिटलेल्या झाकणाखाली. माझं अर्धं अंग छपाईच्या प्रोग्रामखाली गेलं. उरलेल्या अर्ध्यावर तो काठ आहे, वरची बाजू तेवढी. मनगट आहे, चार बोटं आहेत, बाहेर वळलेला अंगठा आहे. हातात कांडी होती, ती गेली.

अर्ध्या काठाला नाव ठेवता येतं का, एवढं कुणी मेहरुनबीला विचाराल?